जागतिक सहकार्य आणि काळेवाडीचा रस्ता

'आंतरराष्ट्रीय विकास', 'जागतिक सहकार्य' हे शब्द कानावर पडले की न्यूयॉर्क, जीनिव्हा किंवा दाव्होस येथील शीतल सभागृहे डोळ्यांसमोर येतात. पवना नदीच्या काठी वसलेल्या काळेवाडीसारख्या उपनगराचा या शब्दांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडावा. प्रत्यक्षात हा संबंध अर्धशतकाहून जुना आहे. नदीपलीकडच्या पिंपरीत जागतिक सहकार्यातून एक कारखाना उभा राहिला. मुंबई आणि पुण्यात जगभरच्या प्रतिनिधींचे मेळावे भरले. आणि काळेवाडी फाट्यावरून निघणाऱ्या रस्त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले. कारखाना, मेळावा आणि कर्ज ही या सहकार्याची तीन रूपे होत. यांपैकी प्रत्येकात सामान्य नागरिकाला कितपत स्थान मिळाले, याचा हा आढावा.

पेनिसिलिनपासून सुरुवात

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा विषय निघाला की 'टेल्को' आणि 'बजाज ऑटो' ही नावे प्रथम घेतली जातात. मात्र या दोन्ही कंपन्यांचे कारखाने येथे येण्यापूर्वीच 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' पिंपरीत सुरू झालेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन हे जीवनदायी औषध ठरले होते. मोजक्या प्रगत देशांपुरते मर्यादित असलेले त्याचे उत्पादन भारतातही व्हावे, यासाठी १९५१ मध्ये भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्याशी करार केला. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचे आणि तांत्रिक मार्गदर्शनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचे साहाय्य मिळाले. १९५४ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी म्हणून तिची रीतसर स्थापना झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे याच संस्थेच्या प्रयोगशाळेत 'हॅमायसिन' या बुरशीरोधक औषधाचा शोध लागला.

फाळणीनंतर निर्वासितांची छावणी वसलेल्या पिंपरीत हा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि आजूबाजूची गावे उद्योगनगरीत रूपांतरित होऊ लागली. १९७० मध्ये येथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका आली. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या शेतीच्या गावांत कामगारांच्या चाळी आणि बैठी घरे उभी राहिली ती याच ओघात. जागतिक सहकार्याचे हे पहिले रूप अत्यंत मूर्त होते. लोकांना त्यातून औषध मिळाले, रोजगार मिळाला. परंतु तो सर्व व्यवहार सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यातील होता. नागरिकांचे मत विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती आणि तशी अपेक्षाही कोणी बाळगली नव्हती.

गोरेगावचे सहा दिवस

ही अपेक्षा जगभर रुजली ती जागतिकीकरणाच्या पर्वात. दाव्होस येथे दरवर्षी भरणाऱ्या 'वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम'ला पर्याय म्हणून जानेवारी २००१ मध्ये ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे 'वर्ल्ड सोशल फोरम' भरला. विकासाची दिशा केवळ अर्थमंत्री आणि उद्योगपतींनी ठरवू नये, ज्यांच्यावर तिचे परिणाम होतात त्यांनाही बोलता यावे, ही त्यामागील भूमिका. पहिली तीन संमेलने पोर्तो अलेग्रे येथेच झाली. ब्राझीलबाहेरचे पहिले, म्हणजे चौथे संमेलन मुंबईला मिळाले. त्याची रंगीत तालीम म्हणता येईल असा 'आशियाई सोशल फोरम' जानेवारी २००३ मध्ये हैदराबादला झाला होता.

१६ ते २१ जानेवारी २००४ या काळात गोरेगावच्या नेस्को मैदानावर हे संमेलन पार पडले. उपस्थितीचे अंदाज ७५ हजारांपासून एक लाखाच्या पुढेपर्यंत गेले. उद्घाटनाच्या कार्यक्रमात आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल, नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी इराणच्या शिरीन एबादी आणि लेखिका अरुंधती रॉय यांचा सहभाग होता. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ चर्चासत्रांत बोलले. समारोपाला माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन उपस्थित होते, तर ब्राझीलचे तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आणि गायक जिल्बेर्तो जिल यांनी गाणी सादर केली. ऑगस्ट क्रांती मैदान ते आझाद मैदान अशा मोर्चाने सहा दिवसांची सांगता झाली.

मुंबईच्या संमेलनाने या चळवळीला भारतीय वळण दिले. नवउदारमतवादी जागतिकीकरण आणि युद्धखोरी या विषयांच्या जोडीला पितृसत्ता, धार्मिक कट्टरता, तसेच वंशवादासोबत जातिव्यवस्था हे प्रश्न मध्यवर्ती ठरले. देशाच्या विविध भागांतून निघालेल्या दलित स्वाधिकार यात्रा गोरेगावला येऊन मिळाल्या. व्याख्यानांइतकीच गर्दी मैदानातील रस्त्यांवर होती. ढोल, पथनाट्ये आणि घोषणा यांतून माणसे एकमेकांची भाषा न कळताही संवाद साधत होती. संगणकांवर मुक्त प्रणाली लिनक्स वापरण्यात आली आणि फोर्ड फाउंडेशनचा निधी न घेण्याचा निर्णय आयोजकांनी घेतला. पैसा कोणाचा घ्यायचा हाही धोरणाचाच भाग, हे त्यातून दिसले.

टीकाही झाली. संमेलनाच्या सनदेनुसार त्याच्या नावाने कोणताही ठराव करता येत नाही. हा खुला मंच आहे, संघटना नव्हे, असे समर्थक म्हणत. चर्चेने काय साधणार, असा सवाल करीत महामार्गाच्या पलीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मैदानावर काही डाव्या गटांनी त्याच दिवसांत 'मुंबई रेझिस्टन्स' हे समांतर संमेलन भरवले. मात्र सर्वच हवेत विरले असे नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये स्वीकारलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांबाबत सरकारला जाब विचारणारे 'वादा न तोडो अभियान' मुंबईत एकत्र आलेल्या संस्था-संघटनांतूनच आकाराला आले. ही संमेलनांची परंपरा पुढे नैरोबीपासून फेब्रुवारी २०२४ मधील काठमांडूपर्यंत चालू राहिली.

पुण्यात जी-२०

मेळाव्याचे दुसरे, सरकारी रूप पुणे परिसराने दोनदा अनुभवले. ऑक्टोबर २००८ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यानंतर भारताच्या अध्यक्षपदाच्या वर्षात, २०२३ मध्ये, जी-२० गटाच्या बैठका पुण्यात भरल्या. १६ आणि १७ जानेवारीला पायाभूत सुविधा कार्यगटाची पहिली बैठक झाली. जूनमध्ये डिजिटल अर्थव्यवस्था आणि शिक्षण हे दोन कार्यगट येथे जमले आणि २२ जूनला सदस्य देशांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली.

या बैठकांच्या निमित्ताने 'जनभागीदारी' हा शब्द रूढ झाला. शाळा-महाविद्यालयांतील उपक्रम, फेऱ्या, परिसंवाद, प्रदर्शने असे त्याचे स्वरूप होते. पायाभूत साक्षरता आणि अंकज्ञान हा शिक्षणविषयक उपक्रमांचा मुख्य विषय होता. विद्यार्थ्यांना या निमित्ताने जगाच्या नकाशाची आणि वीस राष्ट्रांच्या गटाची ओळख झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु जानेवारीच्या बैठकीचा विषय होता 'उद्याच्या शहरांसाठी अर्थपुरवठा'. तो खरे तर थेट नागरिकांच्या खिशाशी निगडित होता. शहरांनी कर्ज कसे उभारावे, ते कोणी फेडावे, हा प्रश्न रंगवलेल्या भिंती आणि रोषणाईच्या चर्चेत मागे पडला. स्वागताची तयारी आणि सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काळेवाडी फाट्यावरून

अर्थपुरवठ्याचा हाच प्रश्न काळेवाडीकरांच्या दारात बराच आधी आलेला होता. केंद्र सरकारच्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेने डिसेंबर २००९ मध्ये सुमारे १०५ दशलक्ष डॉलरचे कर्ज मंजूर केले. जागतिक पर्यावरण सुविधेचे सुमारे २० दशलक्ष डॉलरचे अनुदान त्याला जोडलेले होते आणि क्षमताबांधणीत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सहभाग होता. प्रायोगिक शहरांत म्हैसूर, इंदूर, नया रायपूर यांच्याबरोबर पिंपरी-चिंचवडची निवड झाली. येथील नाशिक फाटा ते वाकड आणि काळेवाडी फाटा ते देहू-आळंदी रस्ता हे दोन बीआरटी मार्ग या प्रकल्पात होते. काळेवाडीहून निघून पवना नदी, लोहमार्ग आणि जुना पुणे-मुंबई महामार्ग ओलांडणारा एम्पायर इस्टेटजवळचा उड्डाणपूल हा दुसऱ्या मार्गातील सर्वांत मोठा टप्पा.

बँकेच्या नियमांनुसार अशा प्रकल्पात पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे लागते, बाधितांशी सल्लामसलत करावी लागते, पुनर्वसनाचा आराखडा जाहीर करावा लागतो आणि तक्रार निवारणाची सोय ठेवावी लागते. समाधान न झाल्यास बाधित नागरिकांना बँकेच्या स्वतंत्र तपास मंडळाकडे दाद मागता येते. या मंडळाची स्थापना १९९३ मध्ये झाली. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या आंदोलनाने बँकेवर जो दबाव आणला, त्याचा या मंडळाच्या स्थापनेत मोठा वाटा होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधील धरणग्रस्तांच्या लढ्यातून जगभरच्या प्रकल्पबाधितांना एक दार उघडले. जागतिक सहकार्यातील लोकसहभागाचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

२०१५ मध्ये 'रेनबो बीआरटी' या नावाने सांगवी फाटा ते किवळे आणि नंतर नाशिक फाटा ते वाकड हे मार्ग सुरू झाले. काळेवाडीचा मार्ग मात्र बराच रेंगाळला आणि टप्प्याटप्प्याने खुला झाला. रस्ता झाला, पूल झाला. पण राखीव मार्गिकेत बस किती वेळाने येते, पादचाऱ्याला स्थानकापर्यंत सुरक्षित जाता येते का, यावरच कर्जाचे सार्थक अवलंबून आहे. अनुदान मिळाले तर आभार मानून चालते, पण कर्ज फेडावे लागते आणि ते अखेर करदात्याच्याच पैशांतून फिटते.

नागरिकांनी काय करावे?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये २०३० पर्यंतची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील अकरावे उद्दिष्ट शहरांविषयी असून सर्वांना सुरक्षित, परवडणारी वाहतूक मिळावी असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दरवर्षी २४ ऑक्टोबरला साजरा होणारा संयुक्त राष्ट्र दिन किंवा शाळांतील स्पर्धा यांपुरती ही उद्दिष्टे मर्यादित राहू नयेत, यासाठी तीन साधने प्रत्येकाच्या हाती आहेत.

पहिले, माहिती. जागतिक बँकेने २०१० पासून आपले माहितीविषयक धोरण खुले केले असून प्रकल्पांचे मूल्यमापन अहवाल कोणालाही पाहता येतात. महापालिकेकडील कागदपत्रांसाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दुसरे, वेळ. हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा त्या मुदतीत लेखी द्याव्यात. काम पूर्ण झाल्यावर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही. तिसरे, संघटन. गृहरचना संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे यांनी एकत्रितपणे मांडलेला मुद्दा एकट्या अर्जापेक्षा अधिक गांभीर्याने घेतला जातो.

पिंपरीतील पेनिसिलिनचा कारखाना लोकांसाठी झाला, गोरेगावचे संमेलन लोकांनी भरवले आणि पुण्यातील बैठकांना लोकांनी शोभा आणली. यापुढचा टप्पा निर्णयातील वाट्याचा आहे. त्याची कसोटी परदेशी पाहुण्यांच्या अभिप्रायात नव्हे, तर काळेवाडी फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या अनुभवात लागणार आहे.