बालश्वासाच्या उपचारांची पूर्वपीठिका

पडशाने बेजार झालेल्या लेकराच्या छातीतून मध्यरात्री सूं-सूं असा ध्वनी उमटू लागला, म्हणजे आमच्या जुन्या घरांतून आजीबाईच्या बटव्याचा अंमल सुरू होई, आणि अडुळशाचा रस पाजण्याची व ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकण्याची तजवीज विनाविलंब केली जाई. निजल्यावर वाढणारा, बसल्यावर किंचित हलका होणारा, पीनसासह येणारा हा विकार चरकसंहितेने ‘तमक श्वास’ या नावाने पूर्वीच नोंदला होता. मात्र आकुंचित श्वासनलिका तत्काळ मोकळी करणारे साधन हाती येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

1924 साली चेन व श्मिट या संशोधकांनी चिनी वनस्पतीतील एफेड्रिनचे गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले. 1956 साली अमेरिकेत, औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी कन्येच्या पृच्छेतून स्फुरलेला, मोजक्या मात्रेचा दाबयुक्त इन्हेलर बाजारात आला. आणि 1969 साली साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध अवतरले. परंतु फवारा व श्वास यांचा मेळ बालकास साधत नाही, ही अडचण उरलीच होती. ती मुखवटा जोडलेल्या स्पेसरच्या साध्या नळकांड्याने दूर केली, कारण त्यात साठलेले औषध बालक आपल्याच लयीने ओढून घेऊ शकते.