अवटु-उच्छेदनोत्तर विकार
मानेतील अवटु ग्रंथी गलगंडामुळे समूळ काढल्यावर काही महिन्यांनी उद्भवणारा विकार. जखम पूर्ण भरून आल्यानंतरही रुग्णास थकवा, बुद्धिमांद्य, थंडी सहन न होणे, चेहऱ्यास व हातांस सूज आणि मुलांत वाढ खुंटणे ही लक्षणे जाणवतात. जिनीव्हाचे शस्त्रक्रियातज्ज्ञ झाक ल्वी रेव्हेर्दँ यांनी १८८२ मध्ये त्यांकडे लक्ष वेधले. बर्न येथील टेओडोर कोखर (१८४१–१९१७) यांनी मग आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलाविले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या व पुन्हा तपासलेल्या १८ जणांपैकी १६ जणांत ही लक्षणे आढळली. स्वतःच्याच शस्त्रक्रियांचा हा परिणाम त्यांनी १८८३ मध्ये जाहीर केला. मात्र श्वासनालास झालेली इजा व त्यामुळे प्राणवायूची उणीव हे त्याचे कारण त्यांनी मानले. ग्रंथीचा अभाव हेच खरे कारण होय, असे फीलिक्स सीमॉन यांनी त्याच वर्षी सुचविले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्ये त्यास पुष्टी दिली. १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून अशीच लक्षणे असलेल्या रुग्णाची प्रकृती सुधारली. कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण उच्छेदनानंतर आता थायरॉक्सिन आजन्म देतात.