टाळूपासून मनापर्यंत

नाकात बोलणारं मूल शिक्षकाच्या पहिल्याच दिवशी लक्षात येतं. ‘बाबा’ म्हणायला जातं आणि ‘मामा’सारखं ऐकू येतं. व्याकरणात आपण अनुनासिकं वेगळी शिकवतो. बाकीचे वर्ण उच्चारताना घशाजवळचा मऊ टाळू वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. ती नीट बंद झाली नाही की सगळंच नाकातून निघतं. याची कारणं अनेक. त्यातल्या एका कारणाचा इतिहास टाळूपासून निघून थेट माणसाच्या मनापर्यंत पोहोचतो. तो सांगावासा वाटला.

१९५५ साली प्रागमधल्या एव्हा सेडलाच्कोव्हा या डॉक्टरबाईंनी अशा मुलांविषयी चेक भाषेत लिहिलं. मऊ टाळू आखूड आणि चेहऱ्याची हालचाल कमी, असं त्यांचं निरीक्षण. १९६५ मध्ये फिलाडेल्फियाच्या अँजेलो डिजॉर्ज यांनी छातीतली थायमस ग्रंथी नसलेली बाळं लोकांसमोर आणली. १९७६ मध्ये जपानी डॉक्टरांनी हृदयाचा जन्मजात दोष आणि विशिष्ट चेहरेपट्टी यांचा संबंध दाखवला. १९७८ मध्ये न्यूयॉर्कचे वाचातज्ज्ञ रॉबर्ट श्प्रिंट्झेन यांनी टाळू, हृदय, चेहरा आणि अभ्यासातल्या अडचणी एकत्र मांडल्या. हत्ती आणि आंधळ्यांचीच गोष्ट! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कळलं, की यातल्या बहुतेकांमध्ये बाविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकीचा छोटासा तुकडाच नाही. छोटासा म्हणजे, बहुधा सुमारे ३० लाख अक्षरांचा!

पण हत्तीचा एक भाग अजून हाती लागायचा होता. श्प्रिंट्झेन यांनी लहानपणी तपासलेली मुलं मोठी झाली आणि त्यांच्यातल्या काहींना भास होऊ लागले, संशय येऊ लागले. हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये असा तुकडा नसलेल्या ५० प्रौढांची तपासणी झाली. त्यांपैकी १५ जणांना मनोविकाराचे झटके आलेले होते आणि त्यातल्या १२ जणांना स्किझोफ्रेनिया होता. एरवी हा आजार शंभरात साधारण एखाद्याला होतो.

२०१४ साली अनेक देशांनी मिळून १४०२ जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा मनाच्या तक्रारींचाही एक क्रम दिसला. लहानपणी लक्ष न लागणं, चंचलपणा. भीती आणि चिंता मात्र सगळ्याच वयात, अगदी नैराश्यापेक्षाही जास्त. भास आणि भ्रम नंतरचे, पौगंडावस्थेपासून पुढे वाढत जाणारे. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांना पुढे हा मनोविकार झाला, त्यांची शब्दांची, भाषेची समज त्याआधी काही वर्षं हळूहळू मागे पडत गेलेली होती. मी शिक्षक, त्यामुळे इथेच थबकलो. आठवी-नववीत मागे पडणाऱ्या मुलाला आपण सरसकट ‘लक्ष नाही’ म्हणतो. कधीकधी तो शेरा नसून लक्षण असतं. शिवाय या मुलांच्या रक्तातलं कॅल्शियमही कमी होऊ शकतं. मग चिडचिड होते, झटके येतात, आणि घरच्यांना ते सगळं ‘डोक्याचं’ वाटतं. ते तपासून घेतलं तर औषध सोपं आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियासाठी आईच्या वागण्याला जबाबदार धरणारा शब्द वापरला. पुढची कित्येक वर्षं असंख्य आया तो आरोप डोक्यावर घेऊन जगल्या. आपल्याकडे ‘आईचेच लाड’ म्हणायला कुणा तज्ज्ञाचीही गरज पडत नाही. आणि इथे तर दहापैकी सुमारे नऊ मुलांमध्ये ही उणीव नव्यानेच निर्माण झालेली असते. ती आईत नसते आणि बापातही नसते. ती कुणाच्या वागण्याने येत नाही.

आणि हो, ही उणीव म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. चारांपैकी साधारण तिघांना स्किझोफ्रेनिया होत नाही. तोच तुकडा नसताना कुणाचं हृदय बिघडतं, कुणाचा फक्त उच्चार, तर कुणाचं मन. असं का, याचा शोध अजून चालू आहे. तोवर आपल्या घरातल्या, ओळखीतल्या शिक्षकांना एवढं जरूर सांगा: नाकात बोलणारं, घाबरट, गणितात अडखळणारं मूल दिसलं, आणि त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं असलं, तर पालकांशी शांतपणे बोला आणि चांगल्या डॉक्टरांकडे पाठवा. असो.