नीरेचे पाणी आणि मीठ

माळेगाव बुद्रुकच्या श्रोत्यांपुढे उसाची गोष्ट काढणे म्हणजे सुताराला रंधा मारावयास शिकविण्यासारखे आहे. म्हणून आम्ही उसाविषयी थोडे आणि मिठाविषयी अधिक बोलणार आहोत.

1885 साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि या अवर्षणी टापूत बागाईत आले. पाव शतक होते न होते तोच काळ्याभोर जमिनींवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर 1910 साली पुस्तिका प्रसिद्ध केली. हे मीठ कोणी बाहेरून आणून टाकीत नाही. पाटाचे पाणी झिरपते, निचरा नसला की भूमिगत पाणी वर चढते, उन्हाने ते उडून जाते आणि त्यातले क्षार तेवढे मागे राहतात.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नव्हे. इराकमधील प्राचीन सुमेर देशाचा अभ्यास करून याकोबसेन आणि ॲडम्स या शिकागोच्या संशोधकांनी 1958 साली असे मांडले की, कालव्यांच्या त्या देशात गहू मागे पडत गेला आणि खारेपणा अधिक सोसणारे जव उरले. पुढील काही विद्वानांनी यावर आक्षेप घेतले आहेत, हेही सांगितले पाहिजे.

आता उसाकडे वळू. जावा बेटात डच संशोधकांनी 1921 साली पी. ओ. जे. 2878 ही जात काढली. तिचा संकर करून कोइमतूरला को 419 झाली आणि दख्खनच्या बागाइतदारांनी ती हौसेने लावली. समुद्रापलीकडच्या ज्ञानाला आमच्या बांधावर कोणी अडविले नाही. मग आमच्याच खोऱ्याच्या निदानाकडे आम्ही इतके सावकाश का वळलो? आम्हास वाटते, बेणे एकट्याने आणता येते व त्याच हंगामात पैसा देते. निचऱ्याचा चर मात्र एकट्याच्या रानात संपत नाही.

2009 साली शेजारच्या माळेगाव खुर्द येथे केंद्र सरकारची अजैविक ताणांवर संशोधन करणारी संस्था स्थापन झाली. अवर्षण, उष्णता, खारेपणा हे तिचे विषय आहेत. पण वरच्या शेतातले खारे पाणी आपल्या रानातून ओढ्यापर्यंत का जाऊ द्यावे, असे खालचा शेतकरी विचारील, तेव्हा त्याच्याशी बोलावयास वरच्या शेतकऱ्यालाच जावे लागेल.