भाऊबीजेची ओवाळणी

कार्तिक शुद्ध द्वितीयेला महाराष्ट्रांतील भाऊ रिकाम्या हातानें पाटावरून उठत नाहीं. बहीण ओवाळते आणि तो तबकांत कांहीं तरी घालतो. किती घालावें याचा नियम नाहीं. गरीब भाऊ चार आणे घालतो, श्रीमंत भाऊ लुगडें आणतो. पण बहिणीला त्यासाठीं अर्ज करावा लागत नाहीं, आणि आपण दानधर्म करीत आहोंत असें भावाच्याहि मनांत येत नाहीं. वर्ष फिरून आलें कीं ओवाळणीहि फिरून येते. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या स्त्री-शिक्षण संस्थेनें आपल्या निधीसाठीं ही घरोघरची रीत उचलली आणि तिला ‘भाऊबीज फंड’ असें नांव दिलें. या साध्या नांवामागें एका मोठ्या प्रश्नाचा इतिहास आहे. लोकांच्या पैशावर चालणारी संस्था जन्माला घालणें एक वेळ सोपें असतें. ती पन्नास वर्षे जगवावयाची कशी?

हिंगण्याच्या संस्थेचे संस्थापक धोंडो केशव कर्वे यांना या प्रश्नाची ओळख लहान वयांतच झालेली होती. १८५८ सालीं जन्मलेले अण्णा मूळचे मुरूडचे. मिळकतींतील रुपयामागें एक पैसा धर्मादायासाठीं बाजूला काढावयाचा, असा नियम त्यांनीं ऐन उमेदवारीच्या दिवसांतच स्वतःला घालून घेतला होता. मुंबईंत शिक्षक असतांना त्यांनीं मुरुडकरांकडून नियमानें वर्गणी घेऊन ‘मुरूड फंड’ उभारला. एकदांच पुष्कळ मागण्यापेक्षां थोडें पण ठरलेल्या वेळीं मागावें, आणि दुसऱ्याकडे मागण्यापूर्वीं स्वतः द्यावें, हे त्यांचे दोन धडे तेथेंच गिरवून झाले होते.

१८९१ सालीं ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून आले. तेथें त्यांना तिसरा धडा मिळाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचें बंधन स्वीकारीत. संस्थानिकांच्या देणग्यांनीं इमारती झाल्या हें खरें. पण संस्थेचें खरें भांडवल म्हणजे या माणसांनीं सोडून दिलेली मिळकत होती. ही देणगी जमेच्या बाजूला लिहिली जात नसे, तरी खर्चाच्या बाजूला ती दर महिन्यास दिसून येई. पुढें १९०८ सालीं अण्णांनीं ‘निष्काम कर्म मठ’ स्थापन केला, तो याच विचारानें. संस्थेला वाहून घेतलेलीं माणसें आधीं हवींत, वर्गणीच्या पावत्या मागाहून.

परंतु दारोदार जाऊन मागणाऱ्याजवळ सर्वांत आधीं लोकांचा विश्वास असावा लागतो; आणि अण्णांनीं नेमका तोच पणाला लावला होता. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. त्याच पुढें आनंदीबाई, म्हणजे ‘बाया’ कर्वे. मुरुडांत या जोडप्यावर बहिष्कार पडला. ज्या गांवासाठीं त्यानें पैसा-पैसा जमविला, त्याच गांवांत त्या माणसाला पंक्तीस घेण्याची चोरी झाली.

गोदूबाई ज्या शारदा सदनांत शिकल्या, त्याची हकीकतहि येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत तें काढलें आणि पुढल्याच वर्षीं पुण्यास आणलें. त्याचा खर्च अमेरिकेंत बोस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळीकडून येई, आणि तिनें दहा वर्षे मदत चालविण्याचें वचन दिलें होतें. एवढी खात्रीची तजवीज त्या काळीं इकडच्या फार थोड्या संस्थांना लाभली असेल. पण १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावर वादळ उठलें, सल्लागार मंडळांतील रानडे-भांडारकरांसारखे पुढारी बाहेर पडले, आणि पुण्यांतल्या पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून घेतल्या. संस्थेचा पैसा कोठून येतो यावरून ती कोणाची, हें लोक ठरवितात. आणि ती आपली नाहीं असें एकदां त्यांना वाटलें, म्हणजे भरलेली तिजोरीहि तिला समाजांत पाय रोवून देऊं शकत नाहीं.

१४ जून १८९६ रोजीं अण्णांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, तेव्हां हें उदाहरण ताजें होतें. अध्यक्ष डॉ. भांडारकर झाले. अण्णांनीं आपल्याजवळची एक हजार रुपयांची शिल्लक संस्थेस दिली आणि पांच हजारांची विम्याची पॉलिसीहि तिच्या नांवें केली. संसारी स्त्रीला हें रुचणें शक्य नव्हतें, आणि बायांना तें रुचलेंहि नाहीं. पुढें प्लेगच्या दिवसांत शहरांत राहणें अवघड झालें. तेव्हां रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास दिलेल्या सहा एकर माळावर सुमारें पांचशें रुपयांत एक झोंपडी उभी राहिली, आणि १९०० सालीं आश्रम तेथें गेला. दिवसभर कॉलेजांत शिकवून संध्याकाळीं अण्णा चिखल तुडवीत पायीं हिंगण्यास जात, आणि सुटी लागली कीं वर्गणीसाठीं गांवोगांव फिरत.

या फिरतीची एक किंमत द्यावी लागली, आणि ती पैशांत मोजण्याजोगी नव्हती. १८९३ च्या अखेरीस वर्ध्यास विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन करणारा हाच मनुष्य. पण आश्रमांत पुनर्विवाहाचा पुरस्कार करावयाचा नाहीं, तेथें केवळ शिक्षण द्यावयाचें, असें त्यानें ठरविलें आणि त्या मंडळीच्या कामांतून स्वतःचें अंगहि काढून घेतलें. आश्रमाचें दार प्रारंभीं ब्राह्मण विधवांपुरतेंच उघडें होतें. खुद्द बाया पुनर्विवाहित. त्यांना नवऱ्यानें काढलेल्या संस्थेच्या कामापासून कित्येक वर्षे दूर राहावें लागलें. सुधारकांनीं या धोरणाला भित्रेपणा म्हटलें. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. वर्गणीदार जितके जुन्या वळणाचे, तितकी संस्थेला आपली जीभ आंवरावी लागते; शंभर घरांतून पैसा आणावयाचा म्हणजे शंभर घरांची भीडहि सोबत येते. अण्णांची बाजू एवढीच, कीं मुलगी शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहिली म्हणजे पुढचा निर्णय तिचा तीच घेईल. पुष्कळ मुलींच्या बाबतींत तें खरें ठरलें; पण ज्यांना त्या दारांतून आंत येतांच आलें नाहीं, त्यांच्यापुरतें हें उत्तर अपुरेंच राहतें. पुढें तें दार रुंद झालें हें खरें, तरी निधी आणि तत्त्व यांची ही ओढाताण झांकून ठेवून या संस्थेचा इतिहास सांगतां येणार नाहीं.

फिरण्याचें काम अण्णांनीं एकट्यानेंच केलें असें नाहीं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही लहान वयांत विधवा झालेली, कोंकणांतली, उशिरां लिहावाचावयास शिकलेली बाई. आश्रमासाठीं ती गांवोगांव हिंडली, भरसभेंत बोलली आणि वर्गण्या घेऊन आली. १९१८ सालीं तर जेमतेम इंग्रजीच्या बळावर ती एकटी अमेरिकेस गेली. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून तिनें पोट भरलें, भाषा शिकली, आश्रमासाठीं मदत मिळविली आणि १९२० सालीं ती परत आली. १९२८ सालीं निघालेल्या ‘माझी कहाणी’ या पुस्तकांत तिनें हें सारें सांगितलें आहे. जिच्यासाठीं वर्गणी मागावयाची तीच समोर उभी राहून बोलूं लागली, म्हणजे ऐकणाऱ्याला दुसरा पुरावा लागत नसे.

१९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें. जपानांतील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका वाचून अण्णांच्या मनानें ही कल्पना घेतली होती. येथेंहि त्यांनीं वर्गणीदाराला नुसता दाता ठेविलें नाहीं. वार्षिक वर्गणी देणाऱ्यांचे मतदारसंघ करून त्यांना सिनेटवर सभासद निवडून देण्याचा हक्क दिला. मग १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली. त्यांनीं स्वतः जपानांतलें तें विद्यापीठ पाहिलें होतें. पंधरा लाखांचें साडेतीन टक्क्यांनीं व्याज सालीना साडेबावन्न हजार होतें. पैसा-आण्यांनीं जमणाऱ्या वर्गणीला तेवढी रक्कम गांठणें कठीण. या देणगीबरोबर अटीहि आल्या. विद्यापीठास दात्याच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव लागलें. तें आजहि आहे. मुख्य ठाणें मुंबईस न्यावयाचें होतें, तें १९३६ सालीं गेलें; आणि १९५१ सालीं विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली. या दानाचें मोल मोठें आहे यांत शंका नाहीं. पण पेटींत ठेवलेली रक्कम व्याज तेवढें देते. महागाई वाढली, मुली वाढल्या, म्हणून ती आपण होऊन वाढत नाहीं.

उलट नुसत्या थेंबाथेंबाच्या वर्गणीचीहि एक मर्यादा आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं वर्षाला एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें त्या पैशांतून कांचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें तज्ज्ञ म्हणून होते. ही कल्पना अपूर्वच. पण हिशेब कठोर. चौसष्ट पैशांचा रुपया. एक लाख माणसांनीं एकेक पैसा दिला तर पंधराशें बासष्ट रुपये आठ आणे होतात. त्यासाठीं एक लाख वेळां हात पुढें करावा लागतो. म्हणजे पैशाहून अधिक दुर्मिळ वस्तु लागते, ती पैसा गोळा करणारा स्वयंसेवक.

भाऊबीज फंडाचें मर्म या दोन टोकांच्या मधें आहे. वर्षांतून एकच वेळ, आणि तीहि अशी कीं घरांत सणाची मोकळीक असते. रक्कम ज्याची त्यानें ठरवावयाची. हातीं पावती, आणि वर्षाअखेर हिशेब. दिवाळीच्या सुमारास संस्थेचे सेवक ठरलेल्या घरीं जात. पुढल्या वर्षीं त्यांना नव्यानें ओळख सांगावी लागत नसे. वडिलांच्या पाठीमागें मुलगा देई, आणि बिऱ्हाड बदललें तर नवा पत्ता कळवी. कोणी एकानें हात आंखडला तरी संस्था कोसळत नसे, आणि कोणी एकानें डोळे वटारले तरी तिला वांकावें लागत नसे. देणाऱ्याला एक नातें मिळालें आणि घेणारीला ओवाळणी घेणाऱ्या बहिणीचा मान. जिच्या मागें माहेर उरलें नव्हतें, तिला एवढे भाऊ मिळाले.

हीच गोष्ट भाऊराव पाटलांनीं दुसऱ्या मातींत केली. १९१९ सालीं काले येथें स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेनें खेड्यांत रोख पैसा मागितला नाहीं. मूठ-मूठ धान्य मागितलें, आणि मुलांना श्रम करून शिकावयास लावलें. बहुजनांच्या घरांत पैसा दुर्मिळ होता, मूठभर जोंधळा नव्हता. अडचणीच्या वेळीं वसतिगृहाच्या खर्चासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने दिले, हें महाराष्ट्राला ठाऊक आहे. हिंगण्याच्या आरंभींच्या दारांत जीं मुलें शिरूं शकलीं नसतीं, तीं साताऱ्याच्या वसतिगृहांत एका पंक्तीस जेवूं लागलीं. ज्याच्या घरची मूठ, त्याच्या मुलाला संस्थेचें दार उघडें, हा न्याय त्यांत आपोआप आला.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याकडे या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. सातपुड्याच्या कुशींतल्या अक्कलकुवा-धडगांवकडील वस्ती मुख्यतः भिल्ल व पावरा समाजाची. तेथें शिकविण्याचें वा औषधपाण्याचें काम करणाऱ्या संस्थेपुढें आज सरकारी अनुदान आणि शहरांतील कंपन्यांचा निधी हे दोन मोठे दरवाजे असतात. दोन्ही उपयोगाचे, पण दोहोंच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातीं. तेथल्या घराला भाऊबीजेच्या तबकाची भाषा परकी वाटेल. तेथला मोठा सण होळी. काठी गांवच्या होळीला डोंगराडोंगरांतून लोक रात्रभर चालत येतात. एकमेकांच्या घरबांधणीला व शेतकामाला हात लावण्याची रीतहि त्या समाजाची जुनीच. त्या रीतींतून आपला फंड उभा करावयाचा असेल तर संस्थेला आधीं तेथली लेक व्हावें लागेल.

अण्णा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं विद्यापीठासाठीं युरोप, अमेरिका व जपान येथें फिरले, त्यापाठोपाठ आफ्रिकेंत गेले. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं त्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें, आणि हा वृद्ध मनुष्य पुन्हां लोकांपुढें हात पसरूं लागला. पंधरा लाख पाहिलेल्या हातांना चार आणे घेण्यांत कमीपणा वाटला नाहीं. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न मिळालें. १९६२ सालीं ते गेले. हिंगण्यास आज कर्वेनगर म्हणतात आणि संस्थेला महर्षि कर्वे यांचें नांव आहे. माळावरच्या त्या झोंपडीला पांचशें रुपये लागले होते. ती उभी राहिल्यावर तिच्यांतल्या मुलींना दर वर्षीं जेवूं घालावें लागलें, आणि तें अन्न ज्या हजारों घरांतून आलें, त्यांचीं नांवें पावतीपुस्तकांच्या अर्ध्या पानांवरच राहिलीं.