बोल पुरा होतो तेव्हा : चिनी नीतिविचार, आपली नियत आणि पाबळ

पाबळ म्हटले की बहुतेकांना मस्तानी आठवते. थोरल्या बाजीरावाने पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम दिली होती. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीरावाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर पाबळलाच आहे. तिचे रूप, कुळ आणि धर्म यांवर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. तिच्या निष्ठेची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. याचे कारण उघड आहे. रूप आणि कुळ बाहेरून दिसते, नियत दिसत नाही. मग माणसाची नियत खरी की दाखवण्यापुरती, हे ओळखायचे कशावरून? आणि ती खरी व्हावी यासाठी माणसाने स्वतःला घडवायचे कसे? हा प्रश्न चीनने अडीच हजार वर्षे जागता ठेवला. तिथल्या मुसलमानांनीही त्याला आपले उत्तर दिले. त्या विचाराचा एक धागा वर्ध्यापर्यंत येतो, आणि वर्ध्याची वाट पुढे पाबळला जाते. तो धागा आम्ही इथे उलगडू पाहतो.

कन्फ्यूशियसचा काळ इसवी सनपूर्व ५५१ ते ४७९. त्याच्या परंपरेत सच्चेपणाला ‘छंग’ म्हणतात. हे चिनी अक्षर दोन भागांचे आहे. एका भागाचा अर्थ बोलणे, दुसऱ्याचा पुरे होणे. बोल पुरा झाला की सच्चेपणा आला. आपल्याकडे ‘शब्दाला जागणे’ म्हणतात, ते याच्या फार जवळचे. ‘ता श्युए’ म्हणजे ‘महाविद्या’ या छोट्या ग्रंथात स्वतःला घडवण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी वस्तू नीट तपासायच्या, त्यातून ज्ञान वाढवायचे, मग नियत खरी करायची, मन सरळ करायचे, स्वतःला घडवायचे. त्यानंतर घर, मग राज्य आणि शेवटी साऱ्या जगाची शांती. इथला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. नियत ही पहिली पायरी नाही. तिच्याआधी वस्तूंची पारख येते. ज्याला समोरची गोष्ट खरी कशी आहे हेच कळलेले नाही, त्याची नियत कितीही चांगली म्हटली तरी ती हवेतच राहते. याच ग्रंथाने आणखी एक कसोटी दिली : कोणी पाहत नसताना स्वतःवर पहारा ठेवण्याची.

पुढे वाद झाला तो वस्तू तपासायच्या म्हणजे काय करायचे, यावर. चू शी (११३०–१२००) या थोर पंडिताने प्रत्येक गोष्टीतले तत्त्व अभ्यासाने शोधा असे सांगितले, आणि त्या अभ्यासात ग्रंथवाचनाला मोठे स्थान दिले. १३१३ साली दरबाराने त्याची भाष्ये सरकारी परीक्षांसाठी प्रमाण ठरवली. १९०५ साली परीक्षा बंद होईपर्यंत त्यांची सत्ता टिकली. परिणाम असा झाला की सच्चेपणावरचा अध्याय तोंडपाठ करायचा तो नोकरी मिळवण्यासाठी. वांग यांगमिंग (१४७२–१५२९) तरुणपणी बांबूतले तत्त्व शोधायला बांबूसमोर बसला. सात दिवस बसून राहिला आणि आजारी पडला. हाती काही लागले नाही. पुढे हद्दपारीचे हाल सोसल्यावर तो एका निष्कर्षाला आला : जाणणे आणि करणे या दोन गोष्टी नव्हेत. आईबापांची सेवा काय असते हे मला कळते, असे जो म्हणतो पण सेवा करीत नाही, त्याला ते अजून कळलेलेच नाही.

चीनमधले मुसलमान या चर्चेबाहेर राहिले नाहीत. मिंग राजवटीपर्यंत त्यांची घरची भाषा चिनी झाली होती. अरबी-फारसी जाणणारे थोडे उरले होते. अशा वेळी नानजिंगच्या वांग दाइयूने १६४२ साली इस्लामची तत्त्वे चिनी भाषेत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने कन्फ्यूशियसची परिभाषा घेतली, पण आपले म्हणणे सोडले नाही. राजा आणि आईबाप यांच्यावरची निष्ठा मोलाचीच. मात्र निर्माणकर्त्यावरच्या निष्ठेवाचून ती अपुरी, हे त्याने चिनी पंडितांना त्यांच्याच शब्दांत सांगितले. त्याच्यामागून ल्यू ची आला. त्याचे प्रमुख ग्रंथ १७०४ आणि १७१० चे. त्याने इस्लामची पाच अंगे आणि कन्फ्यूशियसची पाच नाती शेजारी ठेवली. एकाने बंदा अल्लाहशी जोडला जातो, दुसऱ्याने माणसांशी, अशी त्याची मांडणी. सहीह बुखारीची सुरुवातच नियतविषयक हदीसने होते. ती मानणाऱ्यांना ‘छंग’ परका वाटण्याचे कारण नव्हते.

इथे आपल्या मुलखातली एक गोष्ट आठवते. दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदे तालुका लागतो. तिथल्या शेख महंमदांनी मराठीत लिहिलेला ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ १६४५ सालचा आहे, म्हणजे वांग दाइयूच्या ग्रंथानंतर अवघ्या तीन वर्षांचा. त्यातले रण बाहेरचे नाही. माणसाची आपल्या विकारांशी, नफ्सशी चाललेली झुंज हाच त्याचा विषय. एकमेकांचे नावही ऐकले नसेल अशा दोन मुसलमानांनी आतली साफसफाई शेजाऱ्यांच्या, खरे तर स्वतःच्याच, भाषेत सांगितली. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आजही ‘तुमची भाषा कोणती?’ असे विचारले जाते, तेव्हा ही दोन साले हाताशी असावीत.

वांग यांगमिंगचा विचार विसाव्या शतकात एका शिक्षकाने उचलला. ताओ शिंगची (१८९१–१९४६) यांनी आधी ‘ची-शिंग’ म्हणजे ‘जाण आणि कर’ असे नाव घेतले होते. खेड्यांत शाळा चालवल्यावर त्यांना क्रम उलटा वाटला, म्हणून नाव फिरवून त्यांनी ‘शिंग-ची’ केले : कर आणि जाण. १९२७ साली त्यांनी नानजिंगजवळ खेड्यांसाठी शिक्षक घडवणारी शाळा काढली. १९३८ साली ते वर्ध्याजवळ सेगावला गांधीजींना भेटले. आदल्याच वर्षी वर्ध्यात नयी तालीमची कल्पना मांडली गेली होती, आणि तिचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. कोणतेही काम शिक्षण होत नाही. ते समजून, मन लावून आणि चोख केले तरच होते, हा त्यांचा आग्रह होता. सूत कातणाऱ्या मुलाने आपला धागा स्वतः तपासावा, यात नियतही तपासली जाते.

पाबळचा विज्ञान आश्रम याच वाटेवरचा. अन्नतंत्रज्ञानाचे संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईची मोठी नोकरी संपवून १९८३ साली पत्नीसह या कोरडवाहू गावात आले. २००३ साली त्यांचे निधन झाले, पण काम चालू राहिले. शाळेत मागे पडलेली मुलेही इथे राहून शिकतात. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, जनावरे, अन्नप्रक्रिया, रक्तगट तपासणी असे हाताचे काम करता करता त्यामागचे विज्ञान उलगडत जाते. शिकलेले काम गावाच्या गरजेसाठी करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा, ही इथली रीत. आश्रमाच्या अभ्यासक्रमात कन्फ्यूशियस नाही. पण ‘महाविद्ये’तला क्रम तिथे चालताना दिसतो. कच्चा सांधा भाराखाली तुटतो. चुकलेला रक्तगट एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. इथे पाठांतर किंवा गोड बोलणे उपयोगी पडत नाही. वस्तू खोटे बोलू देत नाही, आणि ज्याला वस्तूशी खोटे बोलता येत नाही तो हळूहळू स्वतःशीही खोटे बोलेनासा होतो.

हे आपण का सांगून घ्यावे? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम समाजातली शाळागळती नोंदवली, आणि पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हुन्नरावर असलेली भिस्तही नोंदवली. आपल्या घरांतून शिकलगार, पिंजारी, अत्तार, विणकर, मिस्त्री निघाले. शिक्षणाची चर्चा मात्र मदरसा की इंग्रजी शाळा यापुढे सरकत नाही. दोन्हीकडे पाठांतराला मान आहे आणि गॅरेजातल्या पोराला ‘वाया गेलेला’ म्हटले जाते. अखलाकवर भाषणे ऐकवून अखलाक येत नाहीत, हे चीनने सहाशे वर्षांच्या परीक्षा घेऊन पाहिले आहे. गाडीचे ब्रेक जोडताना मालक पाहत नसला तरी शेवटचा नट घट्ट आवळणारा मुलगा नियत या शब्दाचा अर्थ आपल्याहून चांगला जाणतो. त्याला त्यामागचे विज्ञान द्यावे, प्रमाणपत्र द्यावे आणि घरात, मोहल्ल्यात मानाची जागा द्यावी. आपला बोल तेवढ्यानेच पुरा होईल.