कुष्ठरोगाची लस चामखिळीपर्यंत कशी पोहोचली

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल: चामखीळ. मानेवर लोंबणारी मऊ गाठ नव्हे, तर हातापायांवर उठणारी खरखरीत चामखीळ. आपल्याकडे कोणी तिला घोड्याच्या केसाने बांधतो, कोणी चुना-सोडा लावतो, कोणी सरळ ब्लेड चालवतो. डॉक्टर ती जाळतात किंवा गोठवतात. तरीही ती बऱ्याचदा पुन्हा उगवते, एकीच्या चार होतात.

का, याचा धागा १९०७ साली इटलीत मिळाला. ज्युसेप्पे चुफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि टोचला. तरीही चामखीळ उठली. म्हणजे शत्रू जिवाणूहून लहान होता. आज त्या विषाणूला आपण एचपीव्ही म्हणतो.

हा घुसखोर कातडीच्या वरच्या थरातच दबा धरून बसतो. रक्तात उतरत नाही, पेशी फोडून गोंधळ घालत नाही. गोळी झाडणाऱ्याचा ठावठिकाणा लागतो, गप्प बसणाऱ्याचा लागत नाही, हे फौजेतला कोणताही जवान सांगेल. शरीराच्या पहारेकऱ्यांचे इथे तेच होते.

असाच पेच कुष्ठरोगात होता. काही रुग्णांच्या अंगात जंतू बेसुमार वाढत, पण शरीर त्यांच्याशी लढायलाच उठत नसे. १९७०च्या दशकात दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी त्यावर उपाय शोधायला घेतला. कुष्ठ आणि क्षय या दोन्हींच्या जंतूंशी काही घटक जुळणारा, पण निरुपद्रवी असा एक भाऊबंद त्यांनी निवडला. त्याला मारून लस केली आणि ती नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिली. या जंतूचे नाव आधी 'मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू' होते, पुढे 'मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी' झाले. त्यातल्या 'इंडिकस'मध्ये आपला देश आहे.

एका रोगाची लस दुसऱ्यावर वापरण्याची वाट तोवर मळलेली होती. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरल्याचे प्रसिद्ध केले, आणि ती आजही वापरात आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी तोच विचार चामखिळीला लावला. २००८ साली दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी तलवारांची लस गुप्तांगावरील चामखिळींत टोचल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतरत्र बीसीजी आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लसही अशीच वापरली गेली.

सुई एका चामखिळीत जाते आणि तिथे धोक्याचा बिगुल वाजतो. लशीसाठी धावून आलेल्या पेशींना शेजारी लपलेला विषाणूही दिसतो, अशी यामागची समजूत आहे. म्हणूनच काही रुग्णांत न टोचलेल्या, दूरच्या चामखिळीही गळून पडतात. तळपायाला दहा-पंधरा चामखिळी घेऊन चालणाऱ्याला याची किंमत विचारा.

पण विजयाचा बँड वाजवायची घाई नको. चामखिळी, विशेषतः मुलांमध्ये, अनेकदा आपोआपही जातात. त्यामुळे लस न टोचलेल्या गटाशी तुलना न करता केलेला दावा अर्धाच. सूज, ताप, व्रण हे त्रास होऊ शकतात. बीसीजी आणि एमएमआर या जिवंत लसी आहेत. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना त्या चालत नाहीत. म्हणून हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचा आहे, ऐकीव माहितीवर सुई घेणाऱ्याचा नव्हे.

कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवणाऱ्या समाजात, त्यांच्यासाठी कोणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसले. त्या कष्टांचा लाभ आज कुष्ठरोग कधी जवळून न पाहिलेल्यांनाही मिळतो आहे. तेवढे ऋण लक्षात ठेवूया. जय हिंद.